दोन वर्षांच्या आतलं ताट

समजा, अंगणवाडीत दोन वर्षांची एक मुलगी आली आहे. वजन साडेनऊ किलो. तक्त्यावर टिंब हिरव्या पट्ट्यात पडतं. ती सॅममध्ये (तीव्र कुपोषित) नाही, मॅममध्ये (मध्यम कुपोषित) नाही. कुठल्याही यादीत तिचं नाव चढत नाही. आता तिलाच लांबी मोजायच्या पाटावर निजवा, डोकं वरच्या फळीला आणि टाचा खालच्या सरकत्या फळीला टेकवा. ७८ सेंटीमीटर. या वयाच्या मुलीची लांबी साधारण ८६ सेंटीमीटर असायला हवी, आणि ८० च्या खाली असली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार तिची वाढ खुंटलेली आहे. वजन उंचीला साजेसं दिसतं, कारण मुळात उंचीच कमी आहे. आई म्हणते, अंगानं लहान आहे, पण चपळ आहे. शेजारीण म्हणते, बापाच्या वळणावर गेलीय. दोघींच्याही बोलण्यात खोटं काही नाही. वाडीतली बरीचशी मुलं एवढीच असतील, तर हिचं वेगळेपण दिसायचं कुणाला?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं अशी वाढ खुंटलेली आढळली. आधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हा आकडा ३४.४ होता. देशाचा आकडा ३५.५. स्वतःला पुढारलेलं म्हणवणारं आपलं राज्य या बाबतीत देशाच्या सरासरीत जाऊन बसलं आहे, आणि त्याचा फारसा गाजावाजा होत नाही. कुपोषणाने मूल दगावलं की विधिमंडळात प्रश्न विचारला जातो. दोन वर्षांच्या पोरीची उंची आठ सेंटीमीटरनी कमी भरली म्हणून कुणी सभात्याग केल्याचं ऐकिवात नाही.

हे पुस्तक त्या मुलांसाठी गावात, पाड्यावर, वस्तीत सामुदायिक आहार केंद्र चालवू पाहणाऱ्यांसाठी आहे: अंगणवाडीताई आणि मदतनीस, आशा, बचत गटातल्या बाया, एखादा हौशी सरपंच, नुकतीच नेमणूक झालेली पर्यवेक्षिका. पुढच्या प्रकरणांत पाककृती आहेत, मापं आहेत, नोंदीचे नमुने आहेत. ते सगळं वाचण्याआधी एका गोष्टीवर मन पक्कं व्हावं म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे. ती गोष्ट अशी: ज्या वयात खाल्लेलं उंचीला लागतं, त्या वयाच्या मुलाच्या हाती आपण पाकीट देतो, आणि ते वय सरल्यावर त्याला ताट वाढतो.

पण त्याआधी एका जुन्या वादाकडे वळायला हवं, कारण तो आपल्या घरातलाच आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ, अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे रोममधले प्रमुख, आणि नंतर पुण्यात स्थायिक. माणसाची ऊर्जेची गरज रोज एकसारखी नसते, शरीर काही मर्यादेत कमीजास्त खाण्याशी जुळवून घेतं, म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी असं धरू नये, असं ते मांडत. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा यावरून चांगलाच खटका उडाला. सुखात्म्यांनीच संपादित केलेल्या आणि पुण्यातून १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने पुढची पायरी गाठली: गरीब देशांतली बहुतेक बुटकी माणसं लहान आहेत, पण निरोगी आहेत. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी या म्हणण्याची सालटी काढली. लहान चण ही जुळवून घेतल्याची नव्हे, सोसल्याची खूण आहे. आणि श्रीमंतांच्या मुलांसाठी जे माप आपण कधी मान्य करणार नाही, ते गरिबांच्या मुलांसाठी पुरेसं कसं मानायचं, असा त्यांचा रोख होता.

शास्त्रात या वादाचा निकाल केव्हाच लागला. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वाढीचे नवे तक्ते काढले, त्यासाठी दिल्लीपासून ऑस्लोपर्यंत सहा देशांतली, नीट खाऊपिऊ घातलेली मुलं मोजली. पहिल्या पाच वर्षांत ती सगळी जवळजवळ सारखीच वाढतात, असं दिसलं. वंशाचा, हाडापेराचा मुद्दा तिथेच बराचसा संपला. तरी सेकलरचं वाक्य आपल्याकडे मेलेलं नाही. ते आजही ‘अंगानं लहान, पण चपळ’ या रूपात ओट्याओट्यावर ऐकू येतं, आणि बैठकीत ‘सॅम कमी झाले ना, मग ठीक’ या रूपात.

आता ग्वाटेमाला. मध्य अमेरिकेतला हा देश आपल्याला दूरचा वाटेल, पण केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकाने तिथल्या चार खेड्यांची हकिगत वाचावी असा माझा आग्रह आहे. १९६९ मध्ये तिथल्या पोषण संस्थेने, इन्कॅपने, एल प्रोग्रेसो भागातली चार गावं निवडली. प्रत्येक गावात एक केंद्र उघडलं, दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी. यायचं त्याने यावं, लहानथोर कुणीही, आणि हवं तेवढं प्यावं. दोन गावांत ‘अतोले’ मिळे: मका आणि सरकीच्या पिठाचं मिश्रण, दुधाची भुकटी आणि साखर घालून केलेली गरम, दाटसर पेज. पेलाभर पेजेत सुमारे १६० कॅलरी आणि साडेअकरा ग्रॅम प्रथिनं. उरलेल्या दोन गावांत ‘फ्रेस्को’, म्हणजे गार, गोड सरबत: प्रथिनं नाहीत, कॅलरी साधारण तिसरा हिस्सा. वरची जीवनसत्त्वं-खनिजं आणि दवाखान्याची सोय चारही गावांत सारखी. हे १९७७ पर्यंत चाललं. प्रत्येक मुलाने किती प्यायलं, पेल्यात किती उरलं, हे रोज मोजून लिहिलं गेलं. उरलेलं मोजायची ही शिस्त आपण घेण्यासारखी आहे. आपल्या नोंदवहीत ‘वाटप’ असतं, ‘खाल्लं’ नसतं.

अतोलेच्या गावांतली मुलं तीन वर्षांची होईतो दुसऱ्या गावांतल्या मुलांपेक्षा अडीच सेंटीमीटरच्या आसपास उंच भरली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही उंची कधी मिळाली. मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत, थोडीशी तिसऱ्यात. तीन वर्षांनंतर तीच पेज तेवढीच प्यायली तरी उंचीत फरक पडत नव्हता. संशोधक पुढे कित्येक वर्षांनी त्याच गावांत परतले. ती मुलं आता तिशी-चाळिशीत होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: वयाच्या पहिल्या दोन वर्षांत ज्यांना अतोले मिळालं होतं, त्या पुरुषांची तासाची कमाई इतरांपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त होती. स्त्रियांमध्ये कमाईचा फरक तेवढा दिसला नाही, पण त्या शाळेत एक वर्षाहून अधिक काळ जास्त टिकल्या होत्या. एवढा लांबचा पल्ला गाठणारी पेज मला तरी दुसरी ठाऊक नाही.

हे ध्यानात ठेवून आपल्या व्यवस्थेकडे पाहू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडी ही कल्पना त्याआधीच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला रुजवली होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, हा त्यातला विचार. विचार थोर, पण ती शाळा होती, अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलांची. मला वाटतं, सरकारी अंगणवाडीच्या अंगात हे शाळापण राहूनच गेलं. पाटावर बसून स्वतःच्या हाताने खाऊ शकणाऱ्या तीन ते सहा वयाच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरपोच आहार, टीएचआर. नियमानं पाहिलं तर दोघांना सारखंच मोजमाप आहे: दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषितांना ८०० कॅलरी. कागदावर लहानग्यावर अन्याय नाही. अन्याय पाकिटाच्या प्रवासात होतो.

पाकीट घरी गेलं की ते घराचं होतं. त्यातला शिरा मोठी बहीण खाते, आजोबा खातात, पाहुणा आला तर त्यालाही मिळतो. चव बसली नाही तर म्हशीच्या आंबोणात जातो, हेही सगळ्यांना माहीत आहे. याला चोरी म्हणणारे अधिकारी मला भेटले आहेत. त्यांनी पाच पोरांच्या घरात एका पोरापुरतं पीठ वेगळं ठेवून दाखवावं. जगभरच्या आहार योजनांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात याचा हिशेबच आहे: घरी दिलेल्या आहारातली जेमतेम ३६ टक्के ऊर्जा त्या मुलाच्या वाट्याला जास्तीची म्हणून पडत होती, पाळणाघरात किंवा आहार केंद्रात समोर बसवून खाऊ घातलं तिथे ८५ टक्के. पाकिटांच्या कंत्राटांचा इतिहास तर आणखी वेगळा. आहार योजनांत कंत्राटदार नकोत असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावलं होतं, आणि महाराष्ट्रातल्या घरपोच आहाराच्या निविदा २०१९ मध्ये त्याच न्यायालयाला रद्द कराव्या लागल्या. त्या भानगडीत या पुस्तकाला शिरायचं नाही. पाकीट उत्तम प्रतीचं निघालं तरी ३६ टक्क्यांचा प्रश्न राहतोच.

म्हणून हे पुस्तक लहानग्यांना एकत्र बसवा म्हणतं. छत्तीसगडने २०१२ मध्ये सरगुजा जिल्ह्यात ‘फुलवारी’ सुरू केल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं दिवसभर एका घरी, गावातल्याच आया पाळीपाळीने सांभाळणार, शिजवणार, भरवणार. पैसा पंचायतीकडून, पाठबळ मितानिन या तिथल्या आरोग्यसेविकांचं. त्याआधी व्हिएतनाममध्ये, १९९० च्या सुमाराला, जेरी आणि मोनिक स्टर्निन या दांपत्याने थान्ह होआ प्रांतातल्या गरीब घरांतली धडधाकट मुलं शोधली आणि त्यांच्या आया वेगळं काय करतात ते पाहिलं. भाताच्या खाचरातले बारके झिंगे-खेकडे आणि रताळ्याचा पाला त्या मुलाच्या भातात घालत होत्या. इतरांना ते मुलांना सोसत नाही असं वाटे. मग सगळ्या आया दोन आठवडे एकत्र जमून शिजवू लागल्या, आणि येताना प्रत्येकीने मूठभर झिंगे आणि पाला आणायचा, हीच प्रवेशाची अट. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांच्या कामाची सुरुवातही १९७० नंतरच्या दुष्काळात गावकऱ्यांनी चालवलेल्या मुलांच्या सामुदायिक स्वयंपाकातूनच झाली होती. तेव्हा हे काही परकं नाही.

आता ताटात काय, याबद्दल. पाककृती पुढे आहेतच, पण त्यांच्यामागचं गणित इथे सांगतो. वर्षाच्या मुलाचं पोट एका वेळी दोनअडीचशे मिलिलिटरपेक्षा जास्त घेत नाही, म्हणजे एक वाटी फार तर सव्वा. आईच्या दुधाखेरीज त्याला वरच्या अन्नातून दिवसाला ५५० कॅलरी लागतात. भाताची निवळ किंवा डाळीचं वरचं पाणी देऊन एवढ्या कॅलरी भरायच्या तर पोट फुटेल, कॅलरी भरणार नाहीत. आपल्याकडे उष्टावण थाटात होतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र चहा-बिस्कीट आणि वरणाचं पाणी. ‘दात येऊ देत, मग खाईल’ म्हणत सहा महिन्यांचं मूल वर्षाचं होतं, आणि तोवर त्या दोन वर्षांतला मोठा तुकडा गेलेला असतो.

दाट शिजवलं तर कॅलरी येतात, पण चिकट गोळा मुलाच्या घशाखाली उतरत नाही. यावरची युक्ती आजीच्या फडताळात आहे: नाचणीचं सत्त्व. धान्याला मोड आणून, वाळवून, हलकं भाजून दळलं की त्यातले पाचक रस पिष्टाचा चिकटपणा तोडतात. बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी याच गुणावर पुष्कळ काम केलं. दाट, गरम लापशीत असं मोडाचं पीठ चमचाभर कालवलं की पाहता पाहता ती सैल होते, पाणी न वाढवता. त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, मूठभर शेंगदाण्याचा बारीक कूट, असेल तर अंडं. अंड्यावरून आपल्याकडे अकारण वाद होतात. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून ते मुलांना मिळतं, आणि न खाणाऱ्याला केळं. केळं वाईट नाही, पण ते अंड्याच्या जागी बसत नाही, एवढं तरी स्पष्ट बोलायला हवं.

आणि भरवणार कोण? या प्रश्नाला पुस्तकात दोन प्रकरणं दिली आहेत, ती जास्त वाटतील, पण मला कमीच वाटतात. वर्ष-दीड वर्षाचं मूल स्वतः खात नाही. त्याचं लक्ष उडतं, ते तोंड फिरवतं, थुंकतं, खेळतं. चिऊ-काऊच्या नावाने घास भरवणारी बाई जे करते, त्याला पोषणशास्त्राने आता मोठं स्थान दिलं आहे: मुलाकडे बघत, बोलत, त्याच्या भुकेच्या चालीने भरवणं. चिमटीत नाक दाबून ओतणं नव्हे, आणि वाटी पुढे सरकवून निघून जाणंही नव्हे. जमैकात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथॅम-मॅग्रेगर यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली वाढ खुंटलेली १२९ मुलं घेतली, वय नऊ महिने ते दोन वर्षं. काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका येऊन तासभर आईबरोबर मुलाला खेळवी, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी दोन्ही मिळालेली मुलं बुद्धीच्या वाढीत सगळ्यांत पुढे होती. वीस वर्षांनी पाहिलं, तेव्हा भुकटीचा परिणाम पुसला गेला होता. खेळवलेल्या मुलांची कमाई मात्र इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. ग्वाटेमालाची पेज आणि जमैकाची भुकटी यांत विसंगती दिसते खरी. एक कारण उघड आहे: भुकटी घरी जात होती आणि वाटली जात होती. पण सगळा फरक तेवढ्यानेच पडला, असं मी म्हणणार नाही. केंद्रात खुळखुळे, डबे, चिंध्यांच्या बाहुल्या हव्यात, आणि जेवणानंतर लगेच मुलं घरी पाठवायची घाई नको, एवढं तरी जमैकाकडून घ्यावं.

अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. कोक्रेनच्या त्याच आढाव्यात सहा महिन्यांच्या पूरक आहाराने उंचीत सरासरी ०.२७ सेंटीमीटर भर पडली होती. पावशेराचाही ऐवज नाही, असं कुणी म्हणेल. मूल कमी वजनाचं जन्मलं असेल, आईचंच लग्न सोळाव्या वर्षी झालं असेल, पावसाळ्यात दर पंधरवड्याला हगवण लागत असेल, तर खाल्लेलं अंगाला लागत नाही आणि एकटं ताट पुरत नाही. म्हणूनच ग्राम बाल विकास केंद्राच्या, व्हीसीडीसीच्या, तीस दिवसांवर विसंबू नये, असं या पुस्तकात पुन्हा पुन्हा आलं आहे. व्हीसीडीसी रोडावलेल्या मुलाचा जीव वाचवतं, वजन वर आणतं, ते हवंच. पण उंची महिन्याच्या मुदतीत येत नाही. तिला दीड-दोन वर्षं रोज लागतात, सुट्ट्या आणि सणवार धरून.

राज्याला हे जमलं नव्हतं असंही नाही. औरंगाबादहून सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनने २००५ पासून काम केलं आणि पुढे दुसऱ्या टप्प्यात सगळं लक्ष गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर आणलं. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत दोन वर्षांखालच्या वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण सहा-सात वर्षांत ३९ टक्क्यांवरून २३ वर आल्याचं दिसलं. त्याचं श्रेय कुणाकुणाचं यावर वाद होऊ शकतो. पावसापाण्यापासून मुलींच्या शिक्षणापर्यंत बरंच काही त्यात आहे. नंतरच्या आकड्यांनी तो उत्साह टिकू दिला नाही.

पुस्तक वापरताना मागून पुढे वाचलं तरी चालेल; नोंदीचं प्रकरण आधी वाचावं, असं मी सुचवेन. लांबी मोजायला दोन माणसं लागतात, एकटीने मोजली की दोन सेंटीमीटर इकडेतिकडे होतात, आणि त्या दोन सेंटीमीटरांतच आपलं सगळं काम असतं. दर महिन्याला मोजू नका, तीन महिन्यांनी मोजा, त्याच पाटावर, शक्यतो त्याच दोघींनी.

शेवटचं प्रकरण स्थलांतराचं आहे आणि ते सगळ्यांत अपुरं आहे. दिवाळी झाली की बीड, नगर, जालन्याच्या वाड्यांतून ऊसतोडीचे कोयते निघतात. शाळेत जाणारी पोरं आजीपाशी राहतात. अंगावर पिणारं, रांगणारं मूल आईबरोबर फडावर जातं. म्हणजे केंद्रातलं नेमकं आपलं मूल नोव्हेंबर ते एप्रिल गावात नसतं. फडाजवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव घालता येतं, नियम आहे, आणि तिथून पाकीटही मिळू शकतं. पण पहाटे चारला आई ऊस तोडायला गेल्यावर पाचटाच्या कोपीत त्याला कोण भरवणार? टोळीतली एखादी बाई मागे राहिली तर चार-सहा मुलांचं दोन्ही वेळचं होऊ शकतं. ती कोयता टाकून बसली म्हणजे तिच्या घरची निम्मी तोड बुडते, आणि मुकादमाची उचल तर फेडायचीच असते. तिची त्या दिवसाची मजुरी कारखान्याने द्यायची, पंचायतीने की महिला व बालविकास विभागाने, हे हंगाम सुरू व्हायच्या आधी, मुकादमाला समोर बसवून ठरवून घ्या. त्यासाठी करारनाम्याचा एक नमुना प्रकरणाच्या शेवटी जोडला आहे.